अंश छापला, छेद राहिला

घरातल्या एका वयस्कर व्यक्तीचा रक्ततपासणीचा अहवाल मध्यंतरी माझ्या हातात आला. दोन पानांवर मिळून बावीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीत चाचणीचे नाव, आलेला आकडा आणि त्यापुढे ‘सामान्य मर्यादा’. त्यांतला एकच आकडा ठळक छापलेला होता आणि त्याच्या शेजारी वर तोंड केलेला एक लहानसा बाण होता. मर्यादा ४५ पर्यंतची, आकडा ४७. बाकीच्या एकवीस ओळी कोणी वाचल्याच नाहीत. डॉक्टरांची भेट दोन दिवसांनी होती, आणि ते दोन दिवस घरादाराने त्या बाणाकडे पाहण्यात घालवले.

ही मर्यादा कशी ठरते, हे अहवालावर लिहिलेले नसते. बहुतेक चाचण्यांच्या बाबतीत निरोगी माणसांचा एक गट घेतला जातो, त्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडले जातात आणि दोन्ही टोकांची अडीच-अडीच टक्के माणसे सोडून मधल्या ९५ टक्क्यांच्या पट्ट्याला ‘सामान्य’ म्हटले जाते. म्हणजे वीस धडधाकट माणसांमागे एक जण व्याख्येनेच मर्यादेबाहेर पडतो. आता हाच हिशेब एका माणसाकडे वळवून पाहा. एका निरोगी माणसाच्या वीस चाचण्या केल्या आणि त्या एकमेकींशी निगडित नाहीत असे क्षणभर धरले, तर त्यांतली निदान एक तरी मर्यादा ओलांडण्याची शक्यता शंभरात ६४ इतकी निघते. प्रत्यक्षात चाचण्या काही प्रमाणात एकमेकींशी बांधलेल्या असतात, त्यामुळे हा आकडा खाली येतो. आणि साखर किंवा कोलेस्टेरॉल यांच्या मर्यादा पुढे उद्भवणाऱ्या आजाराच्या धोक्यावरून ठरवलेल्या असल्यामुळे त्यांना हा हिशेब लागू पडत नाही. तरीही लांबलचक अहवालात एखादा बाण असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, हे सांगणारे एक वाक्य तिथे असायला हवे होते. त्या अहवालातला कोणताही आकडा चुकीचा नव्हता. प्रयोगशाळेने आपले काम चोख केले होते, फक्त ते अर्ध्यावर सोडले होते.

सामान्य माणसाला आकडे कळत नाहीत, ही तक्रार आपण वर्षानुवर्षे ऐकतो आणि तिच्यावरचा ठरलेला उपायही ऐकतो : लोकांना संख्याशास्त्र शिकवा. मला ही तक्रार चुकीच्या दारात उभी असलेली वाटते. शाळेत अपूर्णांक शिकवताना आडव्या रेषेच्या वर अंश आणि खाली छेद लिहायला सांगतात आणि छेद शून्य असता कामा नये हे बजावतात. छेद अदृश्य असता कामा नये, हे मात्र बजावायचे राहून जाते. बातम्या, जाहिराती, शासकीय प्रसिद्धिपत्रके आणि वैद्यकीय अहवाल यांतून वाचकापर्यंत जे पोहोचते ते बहुतेक वेळा नुसते अंश असतात. ‘इतक्यांना बाधा झाली’, ‘इतक्यांनी पसंती दिली’, ‘धोका दुपटीने वाढला’. कितीपैकी, कशाच्या दुप्पट, कोणाच्या तुलनेत, हे रेषेखालचे सगळे वाचकाने कल्पनेने भरायचे, आणि त्याने ते चुकीचे भरले की त्यालाच अडाणी ठरवायचे.

या रिकाम्या छेदाची किंमत किती असते, याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. १९९५ च्या ऑक्टोबर महिन्यात ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने डॉक्टरांना तातडीची सूचना पाठवली की तिसऱ्या पिढीतील गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या तुलनेत दुपटीने वाढतो. बातमी सर्वत्र झळकली आणि असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. मूळ अभ्यासात दर सात हजार स्त्रियांमागे आधी एकीला गुठळी होत होती, नव्या गोळ्यांत ती दोघींना होत होती. ‘दुप्पट’ हा शब्द खरा होता आणि ‘सात हजारांत एक जास्त’ हेही तितकेच खरे होते. पण पहिले वाक्य छापले गेले आणि दुसरे गेले नाही. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३ हजार गर्भपात जास्तीचे झाले. त्यातला क्रूर भाग असा, की गुठळी होण्याचा धोका गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो. स्त्रियांनी लहान धोका टाळण्यासाठी मोठा धोका पत्करला, आणि तो पत्करताना त्या अतार्किक वागत होत्या असे म्हणता येणार नाही. हाती असलेल्या माहितीवरून काढलेला त्यांचा निष्कर्ष सरळच होता.

यात नेहमी कोणाचा कावा असतो असे नाही, पण कधी कधी तो असतोही. एखाद्या उपचाराची भलामण करणारा मजकूर बारकाईने वाचला तर फायदा एका भाषेत आणि अपाय दुसऱ्या भाषेत सांगितलेला आढळतो. ‘झटक्याचा धोका निम्म्याने घटतो’ हे सापेक्ष माप. ‘दुष्परिणाम हजारात दोघांना होतो’ हे निरपेक्ष माप. निम्म्याने घटणारा तो धोका हजारात चार जणांवरून दोन जणांवर आलेला असेल, तर फायदा आणि अपाय दोन्ही हजारात दोघांचेच झाले. एका तागडीत शेर आणि दुसऱ्या तागडीत किलो टाकून वजन करणाऱ्याला आपण दुकानातून उठून जाब विचारतो, छापील पानावर मात्र तेच खपून जाते.

मराठीत टक्केवारी बोलण्याची जुनी रीत ‘शेकडा’ अशी होती. शेकडा चार म्हणजे शंभरामागे चार. त्या शब्दातच छेद घट्ट बसलेला होता. ‘दर हजारी’, ‘दर लाखामागे’ हे प्रयोगही तसेच. ‘टक्के’ हा शब्द सोयीचा ठरला, पण तो उच्चारताना शंभर माणसे डोळ्यांसमोर उभी राहत नाहीत, आणि मग ४ टक्क्यांचे ५ टक्के झाले की ती वाढ एका टक्क्याची की २५ टक्क्यांची, यावर वाद घालता येतो. शंभरात चार होते, आता पाच आहेत, असे लिहिले तर वाद घालायला जागाच उरत नाही. (आकडा या शब्दाचा आपल्या भाषेतला दुसरा अर्थ अडकवण्याचे साधन असा आहे, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार आहे.)

‘लोकांना शिकवा’ या उपायाबद्दल माझी शंका एका प्रयोगामुळे पक्की झाली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना एक प्रश्न दिला. एका वयोगटातील १ टक्का स्त्रियांना स्तनाचा कर्करोग आहे. असलेल्यांपैकी ९० टक्के जणींत मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, तो पकडते. नसलेल्यांपैकी ९ टक्के जणींतही ती चुकून ‘आहे’ असे सांगते. चाचणी ‘आहे’ म्हणाली, तर त्या स्त्रीला खरोखर कर्करोग असण्याची शक्यता किती? उत्तरासाठी चार पर्याय होते. बरोबर उत्तर, म्हणजे दहापैकी साधारण एकीला, हे फक्त २१ टक्के डॉक्टरांनी निवडले. बहुसंख्यांनी ८१ किंवा ९० टक्के सांगितले. डोळे मिटून एका पर्यायावर बोट ठेवले असते तरी चौघांमागे एकाचे उत्तर बरोबर आले असते. मग त्याच डॉक्टरांना टक्के सोडून माणसे मोजायला शिकवले गेले. हजार स्त्रिया घ्या. दहा जणींना आजार आहे, त्यांतल्या नऊ जणी चाचणीत सापडतात. उरलेल्या ९९० पैकी सुमारे ८९ जणींना चाचणी उगाचच ‘आहे’ म्हणते. आता ‘आहे’ असा निकाल हातात घेऊन ९८ जणी तुमच्या दाराबाहेर बसल्या आहेत. त्यांतल्या खरोखर आजारी किती? नऊ. हे ऐकल्यावर ८७ टक्के डॉक्टरांचे उत्तर बरोबर आले.

या प्रयोगाचा अर्थ मी असा लावतो. ज्यांनी आयुष्याची दहा-बारा वर्षे विज्ञानाच्या अभ्यासात घालवली, ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे, त्यांनाही एका मांडणीत उत्तर सापडत नव्हते आणि दुसऱ्या मांडणीत ते जवळजवळ आपोआप सापडले. मधल्या वेळात त्यांनी फार मोठे गणित शिकले नव्हते. दरवेळी वेगळा आणि दडलेला असणारा छेद त्यांच्यासमोर एकदाच उघड करून ठेवला गेला, इतकेच. सामान्य वाचकाकडून याहून अधिक अपेक्षा ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

टक्के कशाचे, हा प्रश्न सर्वात साध्या आकड्यालाही सुटत नाही. ‘उद्या पाऊस पडण्याची शक्यता ३० टक्के’ हे वाक्य घ्या. गिगेरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत न्यूयॉर्क, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि ॲम्स्टरडॅम या शहरांतील लोकांना त्याचा अर्थ विचारला. युरोपातल्या शहरांत पुष्कळांनी सांगितले की उद्या दिवसाच्या ३० टक्के वेळ पाऊस पडेल. काहींच्या मते तो ३० टक्के भूभागावर पडणार होता. हवामानखात्याला अभिप्रेत असलेला अर्थ, म्हणजे उद्यासारख्या दहा दिवसांपैकी तीन दिवशी पाऊस पडतो, हा फक्त न्यूयॉर्कमधल्या बहुसंख्यांनी सांगितला. अमेरिकेत असे अंदाज १९६५ पासून दिले जात होते, त्यामुळे तिथे कानाला त्यांची सवय होती. पण चाळीस वर्षांच्या सवयीने जे साधले, ते ‘दहा दिवसांपैकी तीन’ एवढ्या शब्दांनी पहिल्याच दिवशी साधले असते.

छेद छापला म्हणजे काम संपले असेही नाही. त्या छेदात कोण आहे हे सांगावे लागते. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने एक कोटीच्या आसपास मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. इतक्या प्रचंड संख्येच्या जोरावर त्यांनी आल्फ्रेड लँडन विजयी होतील असे जाहीर केले; प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मते घेऊन निवडून आले. पत्ते जमवले होते टेलिफोनधारक आणि मोटारमालक यांच्या याद्यांमधून, तेही महामंदीच्या काळात, आणि शिवाय पत्रिका परत पाठवण्याचे कष्ट नाराज मंडळींनी अधिक उत्साहाने घेतले. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला. आज स्वेच्छेने बटण दाबणाऱ्यांच्या कौलाला ‘जनमत’ म्हणून छापताना ही गोष्ट कोणाला आठवत नाही, एवढे म्हणून पुढे जातो.

सरासरीबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण तिच्यात छेद असतो आणि तरीही माणसे हरवतात. दहा जणांच्या खोलीत एक अतिश्रीमंत माणूस आला की खोलीतली सरासरी संपत्ती आभाळाला भिडते आणि आधीच्या दहांपैकी एकाचाही खिसा जड होत नाही. अशा वेळी ओळीत मधोमध उभ्या असलेल्या माणसाचा आकडा, म्हणजे मध्यक, अधिक प्रामाणिक ठरतो. पण याहून सूक्ष्म गफलत पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहणाऱ्या सुखात्म्यांनी भुकेल्यांची गणना कशी होते यावर बोट ठेवले. माणसाची उष्मांकांची सरासरी गरज काढायची आणि तिच्याहून कमी खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी मोजायचे, ही पद्धत त्यांना मान्य नव्हती. सरासरी गरज म्हटली की पुष्कळ निरोगी माणसांची गरज तिच्याखालीच असणार. त्या सगळ्यांना उपाशी ठरवले तर पोटभर जेवलेल्या समाजातही निम्मी प्रजा उपाशी निघेल. त्यांच्या आहारविषयक मतांवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि त्यांतले काही आक्षेप वजनदार होते. पण सरासरी ही रेषा वर्णनासाठी असते, तिला परीक्षेच्या उत्तीर्णतेची रेषा करू नका, हा मुद्दा मुलाच्या वजनाच्या तक्त्याकडे पाहून कासावीस होणाऱ्या प्रत्येक पालकाच्या कामाचा आहे.

सुबोधतेचा अर्थ अनेक संपादक चित्रे असा घेतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५८ मधील पाकळ्यांसारख्या आकृत्यांचा दाखला हमखास दिला जातो. क्रिमियाच्या युद्धातले बहुतेक सैनिक जखमांनी नव्हे तर रोगराईने मेले, हे त्यांतून सत्ताधाऱ्यांच्या मनावर ठसले यात शंका नाही. पण वाचक म्हणून त्या आकृतीपुढे बसून पाहा. पाकळीची लांबी मोजायची की क्षेत्रफळ, इथेच माणूस अडखळतो. मला ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञ ऑटो नॉयराथ यांची वाट अधिक जवळची वाटते. त्यांनी १९२५ मध्ये व्हिएन्ना शहरात कामगारांसाठी समाज आणि अर्थव्यवहार यांचे एक संग्रहालय उघडले आणि एक साधा दंडक घातला : मोठी संख्या दाखवायची असेल तर चित्र मोठे करायचे नाही, चित्रे जास्त काढायची. दुप्पट माणसे म्हणजे दुप्पट उंचीचा माणूस काढला की त्याची रुंदीही दुप्पट होते आणि डोळ्याला तो चौपट दिसतो. त्याऐवजी तेवढ्याच उंचीचे दोन काढा, पाहणारा स्वतः मोजून घेईल. गेर्ड आर्न्ट्झ यांनी कोरलेल्या त्या ठाशीव आकृत्या आज जुन्या वाटतील, पण दंडक जुना झालेला नाही. आजच्या पडद्यांवर गरगरणाऱ्या त्रिमिती वर्तुळांपेक्षा शंभर ठिपके आणि त्यांतले सात काळे, ही आकृती अधिक सांगून जाते.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. छेद, नमुना, अनिश्चितता हे सगळे सांगत बसलो तर वाचक कंटाळेल, आणि ‘आम्हालाही नक्की माहीत नाही’ असे कबूल केले तर त्याचा विश्वास उडेल. कंटाळ्याचे म्हणाल तर ‘सात हजारांत एक जास्त’ हे पाच शब्दही नाहीत. विश्वासाच्या मुद्द्यावर केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोग केले आणि ते २०२० मध्ये प्रसिद्ध झाले : आकड्यासोबत ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी संख्येतली मर्यादा दिली, तर वाचकांचा विश्वास अगदी थोडा कमी होतो, ‘थोडीफार अनिश्चितता आहे’ असे मोघम शब्द वापरले तर तो अधिक घसरतो. वाचकाला अनिश्चितता चालते, गुळमुळीतपणा चालत नाही. उलट सात जणांना प्रश्न विचारून तिघांनी होकार दिल्यावर ‘४२.८६ टक्के’ असे छापणाऱ्याची अचूकता पाहून मला त्याचा संशय येतो.

सरकारी आकडेवारीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे छेद असतो, पण तो तीनशे पानांच्या दस्तऐवजातल्या कुठल्याशा तक्त्याच्या तळटीपेत असतो, आणि प्रसिद्धिपत्रकात फक्त सोयीचा अंश उतरतो. आकडेवारी ‘उपलब्ध’ आहे असे म्हणून हात झटकता येतात. संयुक्त राष्ट्रांनी शासकीय सांख्यिकीची मूलतत्त्वे १९९४ मध्ये सांख्यिकी आयोगात आणि २०१४ मध्ये महासभेत स्वीकारली. त्यांतले एक तत्त्व सांगते की आकडेवारीचा चुकीचा अर्थ लावला गेला किंवा तिचा गैरवापर झाला तर त्यावर बोलण्याचा सांख्यिकी यंत्रणेला अधिकार आहे. अधिकार म्हटला की तो न वापरण्याची मुभा आली. तिथे ‘कर्तव्य’ हा शब्द असता तर मला बरे वाटले असते. ब्रिटनमध्ये २००८ पासून काम करणारे सांख्यिकी प्राधिकरण मंत्र्यांनाही जाहीर पत्र पाठवून त्यांच्या आकड्यांतली चूक दाखवते. त्याने मंत्री सुधारतात असा माझा दावा नाही, पण पत्र सर्वांना वाचता येते आणि पुढच्या वेळी तोच आकडा फेकणाऱ्यासमोर ते धरता येते.

नॉयराथ यांच्या संग्रहालयात आकडे जमवणारे तज्ज्ञ वेगळे आणि आकृत्या काढणारे चित्रकार वेगळे होते. त्या दोघांच्या मध्ये एक तिसरे पद होते. मारी राइडेमाइस्टर, पुढे मारी नॉयराथ, हे काम करत. तज्ज्ञाकडचा ढीग घ्यायचा, यातले सामान्य माणसाने काय जाणून घेणे गरजेचे आहे ते ठरवायचे, तुलना कशाशी करायची ते निवडायचे आणि मग चित्रकाराला कच्चा आराखडा द्यायचा. या व्यक्तीला ते रूपांतरकार म्हणत आणि तिला लोकांची विश्वस्त मानत. आज आकडे जमवणाऱ्या संस्था अफाट वाढल्या आहेत, आकृत्या तर यंत्रे क्षणात काढून देतात, आणि मधली खुर्ची रिकामी आहे. छापखान्याच्या काळापासून आपल्याकडे मुद्रितशोधक असतो. ऱ्हस्वाचा दीर्घ झाला तर तो पान अडवतो आणि ते योग्यच आहे. ‘धोका दुपटीने वाढला’ या ओळीतला ‘दु’ ऱ्हस्व आहे ना, हे पाहून त्याची नजर पुढे सरकते. त्याच ओळीसमोर समासात ‘कशाच्या?’ असे लिहून पान परत पाठवणे बहुतेक कार्यालयांच्या कामवाटपात अजून कोणाच्याच नावावर नाही.